गांजा, विडी आणि फुप्फुसं : धूर आत गेल्यावर नेमकं काय होतं

मागच्या उन्हाळ्यात मी मामांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वय बहात्तर, त्यातली चाळीस वर्षं विडी. निघण्याआधीच त्यांनी विचारून घेतलं होतं, "जिना नाही ना गं तिथं?" तिथे त्यांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि तपासणी करणारी मुलगी मोठ्याने ओरडायला लागली, "काका, जोरात! फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून!" मामांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पडद्यावर एक रेघ उमटत होती. निरोगी माणसाची रेघ पहिल्या सेकंदातच ताडकन वर जाते आणि मग आडवी होते. मामांची रेघ मात्र चढणीवर दमलेल्या बैलगाडीसारखी हळूहळू वर जात राहिली. दहा सेकंद झाले तरी ती आडवी होईना.

"हवा आत भरपूर आहे, पण बाहेर पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फुप्फुसांची आकृती फळ्यावर किती वर्षं काढत आलेय, त्याची गणती नाही. पण दम लागणं म्हणजे हवा आत न जाणं, असंच मीही तोवर धरून चालले होते.

त्याच रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मावशी, विडी वाईटच गं, तंबाखू आहे ती. गांजाचं तसं नसतं. ते झाड आहे, परदेशात तर औषध म्हणून देतात." तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतः ओढतो का, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्याचं बोलणं मनातून जाईना. रागावून उत्तर द्यायचं नव्हतं, खरं काय ते समजून द्यायचं होतं. त्यासाठी जे वाचलं, ते इथे मांडतेय.

आधी फुप्फुसाबद्दल थोडं. श्वासनलिका छातीत उतरते, तिच्या दोन फांद्या होतात, त्यांच्या पुन्हा दोन-दोन, असं साधारण तेवीस वेळा होतं. शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षाच्या घोसासारखे वायुकोश लटकलेले असतात, तीस कोटींच्या आसपास. हे सगळे उलगडून जमिनीवर पसरले, तर बॅडमिंटनच्या मैदानापेक्षा थोडीच कमी जागा व्यापतील. दिवसाला दहा हजार लिटरहून जास्त हवा या पातळ पडद्यावरून जाते. आपल्या त्वचेला निदान जाड थर तरी असतो. वायुकोशाची भिंत इतकी तलम, की तिच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर.

एवढी नाजूक वस्तू उघड्या हवेत ठेवायची, तर राखण हवीच. मोठ्या नळ्यांच्या आतल्या अंगाला चिकट पाण्याचा थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचं शेत. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने, घशाकडे हलतात. धूळ, जंतू, काजळी त्या चिकट थरात अडकतात आणि केस तो थर वर सरकवत नेतात. घशाशी आलं की आपण नकळत गिळून टाकतो. रात्रंदिवस हा झाडू चालू असतो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

धुराचा पहिला मार या झाडूवर बसतो. केस मंदावतात, मग लुळे पडतात आणि रोज धूर येत राहिला की झडून जातात. त्यांच्या जागी साधी, बिनकेसांची कातडी तयार होते आणि चिकट पाणी करणाऱ्या ग्रंथी मात्र वाढतात. म्हणजे कचरा वाढला आणि झाडणारे गेले. तो कफ बाहेर काढायला मग एकच उपाय राहतो, खोकला. विडी ओढणाऱ्या माणसाचा सकाळचा खोकला प्रत्येक गल्लीत ऐकू येतो. मामांचा तर आम्हाला गजराच्या जागी होता. "बेडका पडला की मोकळं वाटतं," असं ते म्हणायचे आणि चहाबरोबर पुढची विडी पेटवायचे. त्या विडीने मोकळं होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

दुसरा मार खोलवर, वायुकोशांवर. वायुकोश रबरासारखे लवचिक असतात. आत घेतलेली हवा बाहेर ढकलायला आपल्याला जोर लावावा लागत नाही, कारण ताणलेलं रबर आपोआप आखडतं. धुराने आत जळजळ झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारण्यासाठी आपल्याजवळचे पाचक रस सोडतात. त्यातला एक रस फुप्फुसाचं रबरच विरघळवतो. एरवी त्याला आवर घालणारं एक प्रथिन रक्तात असतं, पण धुरातली रसायनं नेमकं तेच निकामी करतात. म्हणजे मारेकरी बोलावायचे आणि पहारेकऱ्याचे हात बांधायचे, दोन्ही कामं एकच धूर करतो. भिंती विरत जातात, शंभर छोट्या कोशांचा एक मोठा ढिला फुगा होतो. जुन्या चड्डीचा नाडा जसा सैल होऊन पडतो, तशी फुप्फुसाची अवस्था होते. छोट्या नळ्यांना बाजूने ताणून उघडं ठेवणारंही हेच रबर असतं. ते गेलं की श्वास सोडताना नळ्याच मिटतात आणि हवा आत अडकते. मामांची रेघ आडवी का होत नव्हती, ते मला इथे कळलं. आधीचा श्वास बाहेरच पडलेला नसेल, तर नवीन घ्यायला जागा कुठून येणार? या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. विरलेले वायुकोश पुन्हा उगवत नाहीत.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी आहेत. हे आकडे पाकिटावरच्या चित्रांमुळे सगळ्यांच्या कानावरून गेलेले आहेत, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. एक अभ्यास मात्र सांगायलाच हवा. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली तिथल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही सिगारेट ओढता का आणि किती. मग पन्नास वर्षं त्यांच्यातलं कोण कशाने गेलं, याची नोंद ठेवली. २००४ साली आलेला निष्कर्ष असा : आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांची ती दहाच्या दहा वर्षं जवळपास वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा आणि साठीत सोडणाऱ्यांचीसुद्धा तीन.

"पण ती सिगारेट. विडी म्हणजे पान नि चिमूटभर तंबाखू," असं मामा म्हणतात, आणि सिन्नर, गोंदिया, भंडारा, सोलापूर या विडीच्या गावांत हे हमखास ऐकायला मिळतं. चिमूटभर हे खरं आहे. विडीत सिगारेटच्या पाव ते तृतीयांश एवढीच तंबाखू असते. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि ते लवकर विझतं. विडी पेटती ठेवायची तर पुन्हा पुन्हा आणि जोराने झुरका घ्यावा लागतो. त्यामुळे तंबाखू कमी असूनही एका विडीतून छातीत उतरणारं डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीचं किंवा जास्तच भरतं. २००८ साली भारतात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने विडीचा हिशेबही मांडला : विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटतं, बायकांचं आठ वर्षांनी. आणि आपल्याकडे क्षयरोग अजून गेलेला नाही. झाडू लुळा पडलेल्या छातीत क्षयाचा जंतू सहज घर करतो, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाचं प्रमाण दुपटीच्या घरात असतं.

आता गांजा. भाच्याच्या वाक्यात दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. गांजातल्या काही द्रव्यांचा औषधी उपयोग होतो, हे खरं आहे. पण त्यावरून गांजाचा धूर फुप्फुसाला सोसतो असं ठरत नाही. तुळशीची पानं वाळवून, पेटवून त्यांचा धूर रोज छातीत ओढला, तर तोही बाधेल. कुठलंही वाळलेलं पान जळलं की डांबर, काजळी, कार्बन मोनॉक्साइड निघणारच. कॅनडात दोन्ही धूर यंत्राने ओढून मोजले, तेव्हा गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या वीसपट निघाला आणि हायड्रोजन सायनाइड तीन ते पाचपट. दोन धुरांतला ठळक फरक म्हणजे एकात निकोटिन आणि दुसऱ्यात टीएचसी, म्हणजे गांजाची नशा आणणारं द्रव्य.

शिवाय ओढण्याची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या शाखेत डोनाल्ड टॅशकिन या डॉक्टरांनी १९७०च्या दशकापासून गांजा आणि फुप्फुसं याच विषयावर काम केलं. त्यांच्या गटाने १९८८ साली गांजा आणि तंबाखू दोन्ही ओढणाऱ्या पंधरा पुरुषांची मोजणी केली. गांजा ओढताना त्यांचा झुरका दोनतृतीयांशाने मोठा होता, धूर एकतृतीयांशाने जास्त खोल जात होता आणि तो छातीत चौपट वेळ धरून ठेवला जात होता. परिणामी एका कांडीमागे तिप्पट डांबर आत गेलं आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळजवळ पाचपट झाली. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, म्हणजे तेवढं रक्त काही तास कामातून गेलं. आणि श्वास कोंडून धरण्याचा नशेला फारसा उपयोगही नाही. टीएचसी काही सेकंदांतच रक्तात उतरतं. त्यानंतर कोंडलेल्या प्रत्येक सेकंदात मुख्यतः डांबर भिंतींवर बसत असतं. चिलमीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने किंवा पाण्यातून ओढण्याने धूर गार होतो आणि घशाला बोचत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. धूर बोचेनासा झाला की माणूस उलट आणखी खोल ओढतो.

ही जाणीव आपल्या देशात नवीन नाही, हे वाचून मला नवल वाटलं. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. मुंबई इलाख्यासह देशभरातून हजारावर साक्षी घेऊन त्याने १८९४ मध्ये अहवाल दिला. आयोगाचा एकूण सूर गांजाबद्दल बराच सौम्य होता. बेताने घेणाऱ्याला फारसं नुकसान दिसत नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण अति ओढण्याने ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज, होऊ शकतो, आणि तो मुख्यतः धूर नळ्यांना लागल्यामुळे, हेही त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. सूक्ष्मदर्शकातून हे दिसायला पुढे शंभर वर्षं गेली. टॅशकिन यांच्या गटाने गांजा ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेतले कातडीचे कण तपासले, तेव्हा केस झडलेले आणि कफाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तंबाखूवाल्यांसारख्याच.

मग दोन्ही अगदी सारखेच म्हणायचे का? नाही, आणि इथे मी भाच्याशी प्रामाणिक राहणार आहे. अमेरिकेतल्या चार शहरांत पाच हजारांहून जास्त तरुणांची फुंकण्याची तपासणी वीस वर्षं पुन्हा पुन्हा केली गेली. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. सिगारेट जितकी जास्त, तितकी फुप्फुसांची ताकद कमी, असा सरळ उतार दिसला. गांजाबाबत तसा उतार सुरुवातीला दिसला नाही. रोज एक कांडी या हिशेबाने सात वर्षं ओढणाऱ्यांपर्यंत आकडे घसरले नव्हते. त्यापुढे, फार ओढणाऱ्यांमध्ये, रेघ खाली वळायला लागली होती. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. तिथे गांजा ओढणाऱ्यांची फुप्फुसं जास्त फुगलेली आणि नळ्यांतला अडथळा वाढलेला आढळला. म्हणजे इजा होते, पण तंबाखूपेक्षा तिचा नमुना वेगळा असतो. खोकला, कफ आणि छातीतली घरघर मात्र बहुतेक अभ्यासांत सापडते.

कर्करोगाचंही असंच. तंबाखूने फुप्फुसाचा कर्करोग होतो, यात तिळमात्र शंका उरलेली नाही. गांजाबद्दल २०१५ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ठोस संबंध दिसला नाही. न्यूझीलंडमधल्या एका लहान अभ्यासात जास्त ओढणाऱ्यांना धोका दिसला होता. यामागे काही कारणं आहेत. तंबाखूतल्या निकोटिनपासून एक विशेष कुळातली विषं तयार होतात, ती फुप्फुसाच्या कर्करोगाची मोठी कारणं आहेत आणि गांजात निकोटिनच नाही. दुसरं म्हणजे संख्या. सिगारेटवाला दिवसाला वीस ओढतो, गांजावाला एखादी-दोन. पण बेंझोपायरीनसारखी, पेशीच्या जनुकांना जाऊन चिकटणारी द्रव्यं दोन्ही धुरांत असतात. त्यामुळे कर्करोगाबाबत गांजाला निर्दोष ठरवण्याइतका पुरावा हातात आहे, असं मी म्हणणार नाही.

मात्र या सगळ्या परदेशी अभ्यासांत आणि आपल्या गल्लीत एक मोठा फरक आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत बरेच जण नुसता गांजा ओढतात. आपल्याकडे बहुतेक वेळा सिगारेट पोकळ करून, तिच्यातली तंबाखू तळहातावर घेऊन, चोळलेल्या गांजात मिसळून परत भरली जाते. चिलमीतही तंबाखू असतेच. म्हणजे "मी सिगारेट ओढत नाही, फक्त गांजा" असं म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात तंबाखू ओढत असतो, आणि तीही गांजाच्या पद्धतीने, खोल ओढून आणि कोंडून. वर निकोटिनची सवय लागते ती वेगळीच. गांजा मिळाला नाही त्या दिवशी तो नुसती सिगारेट पेटवतो. कॅनडात ओटावाला २०२२ साली छातीचे सीटी स्कॅन तपासले. नुसती तंबाखू ओढणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये वायुकोश विरलेले दिसले आणि गांजा ओढणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांमध्ये. न ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. अभ्यास लहान होता, गांजाच्या गटात फक्त ५६ जण, आणि त्यांच्यातले बरेच जण तंबाखूही ओढत होते. एरवी ही त्रुटी म्हणायची. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र नेमकं हेच मिश्रण बघायला हवं.

बुरशीबद्दलही सांगायला हवं. दमट जागी ठेवलेल्या गांजावर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि तिचे कण धुराबरोबर आत जाऊ शकतात. धडधाकट माणूस बहुधा तगून जातो. पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या जिवावर बेततं. दुखणं विसरायला म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला कोणी प्रेमाने चिलीम देत असेल, तर ते तिथेच थांबवायला हवं. वाफ ओढायच्या पेनांबद्दलही (व्हेप) "धूर नाही म्हणजे धोका नाही" असं समजू नये. २०१९-२० मध्ये अमेरिकेत अशी उपकरणं वापरणारे २८०० च्या वर लोक फुप्फुसांच्या तीव्र इजेने रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी टीएचसीचं तेल ओढलं होतं आणि त्या तेलात घट्टपणासाठी ई जीवनसत्त्वाचं एक रूप मिसळलेलं होतं.

आता सोडण्याविषयी. शेवटच्या झुरक्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. काही आठवडे ते महिन्यांत केस परत उगवू लागतात. त्या काळात खोकला वाढल्यासारखा वाटतो आणि पुष्कळ जण नेमके तिथे घाबरून पुन्हा ओढायला लागतात. तो झाडू पुन्हा सुरू झाल्याचा खोकला असतो. ड्युनेडिनमध्ये गांजा सोडलेल्यांचा खोकला, कफ आणि घरघर न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आली. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहिलेल्याच्या निम्म्यावर येतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. निकोटिनच्या गोळ्या किंवा चिकटपट्ट्या घेणं हा काही मनाचा दुबळेपणा नाही. आणि डॉक्टरांनी "धूम्रपान करता का?" असं विचारलं, तर गांजाचंही सांगा. भूल द्यायच्या आधी तर नक्कीच. ते पोलिसांना कळवायला नाही, औषधाचा अंदाज बांधायला विचारत असतात.

मामांनी विडी सोडली, तिसऱ्या प्रयत्नात. आठ महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या यंत्रापुढे बसलो. या वेळी भाचाही आला होता, बॅग धरून दाराशी उभा. त्या मुलीने जुनी आणि नवी रेघ एकाच पडद्यावर आणली. दोन्ही जवळजवळ एकावर एक.

"म्हणजे एवढं करून काहीच फरक नाही?" मामांचा आवाज पडला.

डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि पेनाने एक उतार काढला. वयाबरोबर प्रत्येकाचीच ताकद दरवर्षी थोडी उतरते, पंचवीस-तीस मिलिलिटर. ज्यांना धूर बाधतो त्यांची दुपटीने किंवा त्याहून जास्त. लंडनमधल्या नोकरदार पुरुषांची आठ वर्षं मोजणी करून १९७७ साली फ्लेचर आणि पेटो यांनी हे दाखवलं होतं, की गेलेलं परत येत नाही, पण सोडल्या दिवसापासून उतार पुन्हा न ओढणाऱ्याइतका होतो. "तुमची जुनी चाल धरली असती, तर काही वर्षांनी ही रेघ इथे आली असती," असं म्हणून त्यांनी बरंच खाली एक टिंब काढलं.

मामा त्या टिंबाकडे बघत राहिले. भाच्याने बॅग खाली ठेवली आणि त्या मुलीला विचारलं, "ताई, हे मला फुंकून बघता येईल का?"